नवमीच्या दिवशी टॅपेट

अप्पा,

तुमची हत्यारं मी नवमीच्या दिवशी उचलली. पुजलेली, झेंडू वाहिलेली, हळदकुंकू लावलेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं जरा शांतपणे ऐकाल. तुमचं डोकं तापायला वेळ लागायचा नाही, आणि माझंही तुमच्यावरच गेलंय, असं आई दिवसातून एकदा तरी मला ऐकवते.

तुम्ही गेल्यानंतरचं बरंच तुम्हाला ठाऊक नाही. चाळ पाडली, तिथेच टॉवर उभा राहिला, त्यात चौथ्या मजल्यावर आपल्याला जागा मिळाली. आई, मी, तुमचे जावई आणि तुमची नात, असे चौघं राहतो. चिंचपोकळीचं स्टेशन खिडकीतून दिसतं, पण रेल्वेच्या भिंतीला लागून असलेला तुमचा गाड्या दुरुस्तीचा गाळा आता नाही. तिथे पार्सल पोचवणाऱ्या पोरांच्या स्कूटर चार्ज होतात. हत्यारांची पेटी मात्र आहे. आईच्या पलंगाखाली, पूर्वी होती तशीच, जड आणि तेलकट. कोणी हलवायला गेलं की आई म्हणते, "ऱ्हवांदे. तुमका काय खाता ती?" वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, ती पेटी बाहेर ओढायला लावते. मी पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर डिझेलच्या फडक्याने पुसायचे आणि तिने नवमीला सकाळी पाटावर मांडून पुजायचे. फिलर गेज ती स्वतः उघडते. आठवतं ना ते? मी वीस वर्षांची होते तेव्हा तुम्ही नागदेवीच्या हत्यारबाजारात जाऊन माझ्यासाठी आणलं होतंत. "साडी नेसशील तेव्हा नेस, आधी हे धर," म्हणालात. फट मोजायची, एका खिळ्यात अडकवलेली पातळजाड पोलादी पाती. आई ती पंख्यासारखी उलगडते आणि एकेका पात्याला ओल्या कुंकवाचं बोट लावते. एकालाच लाव की, म्हटलं तर म्हणते, "एकाक लावला नि दुसऱ्याक नाय, ता बरा दिसता?"

हा नेम तुमचाच. मिलमधला दसरा मला अजून दिसतो. तुम्ही फिटर खात्यात, आणि वर्षातून त्या एका दिवशी आम्हा पोरांना आत सोडायचे. एरवी कानठळ्या बसवणारं खातं गप्प उभं. यंत्रांना हार, जमिनीवर रांगोळी, आणि तुम्ही धुतलेल्या पांढऱ्या शर्टात, हातात पाना नाही म्हणून काय करावं ते न सुचून उभे. मिल बंद पडली, तुम्ही गाळा घेतलात, पण नवमी सुटली नाही. एकदा मी त्या दिवशी सायकलची चेन बसवायला पाटावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला होता. शाळेत होते मी. तुम्ही मारलं नाहीत. माझ्या हातून तो काढून घेतलात, परत पाटावर ठेवलात आणि मला त्याच्यापुढे हात जोडायला लावलेत, गल्लीतली सगळी पोरं बघत असताना. "वर्षभर राबतात. एक दिवस तरी त्यांना देव होऊ दे." तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तर आता तुमची नात. तुम्ही गेलात तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जायची. गेल्या वर्षी तिने चांगली एसीतली नोकरी सोडली. फोनवर लोकांना विमा विकायची, तो विकून विकून कंटाळली. म्हणे फुलांचा धंदा करणार. दादरच्या फुलबाजारात तिची एक मैत्रीण बसते, तिच्या मदतीने ही थेट मळ्यावरून झेंडू आणणार. त्यासाठी जुनी डिझेल पिकअप घेतली. पांढरी, मागच्या फळीवर आधीच्या मालकाने रंगवलेला मोर, आणि इंजिन सुरू केलं की टकटक टकटक टकटक. मी पहिल्याच दिवशी खिडकीतून ऐकलं. व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट ढिले आहेत हे मला भाजी चिरता चिरता कळलं. पण बोलले नाही. आमचं भांडण झालं होतं. मी म्हटलं होतं, "नोकरी सोडून टेम्पो हाकणार? मला नको त्या भानगडीत घेऊस." ती म्हणाली, "ठीक आहे, नाही घेणार." तुमचे जावई म्हणाले, मायलेकींचं तुम्ही बघा, आणि ड्युटीला गेले. ते नेहमीच योग्य वेळी ड्युटीला जातात.

दसऱ्याचा झेंडू म्हणजे तिच्या धंद्याची खरी परीक्षा होती. बाजारातल्या माणसांनी तिला गिऱ्हाईकं बांधून दिली होती, सोसायट्या, दुकानं, दोन देवळं. "पहिलाच दसरा आहे, आला माल तर पुढे तुझा, नाहीतर आम्ही दुसऱ्याला सांगतो," असं स्पष्ट सांगितलं होतं. नवमीला दुपारी निघायचं, माळशेज चढून पलीकडच्या मळ्यांवर संध्याकाळी माल भरायचा आणि उजाडायच्या आत दादरला उतरायचं. एकटीने. मी आठवडाभर नीट जेवले नव्हते, अप्पा. ती घाट चढणार याची धास्ती होतीच, पण भरल्या गाडीने तोच घाट परत उतरणार, ही त्याहून मोठी.

नवमीला सकाळी पूजा झाली. हत्यारं पाटावर बसली. मग तिने आजीला हाताला धरून लिफ्टने खाली नेलं, गाडीची पूजा करायला. मी वरच राहिले, मुद्दाम. खालून नारळ फुटल्याचा आवाज आला, आई काहीतरी पुटपुटल्याचा आला, आणि मग गाडी सुरू झाली. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. टकटक नव्हती. गाडी अशी गुळगुळीत चालली होती जणू आत काही हलतच नाही. तुम्ही असता तर तुम्हीही तसेच धावला असतात. मी चपला न घालता जिने उतरले.

"बंद कर," मी ओरडले. "आधी बंद कर!"

तिने दचकून चावी फिरवली. "आई, काय झालं? ऐकलंस ना? आवाज गेला! काल मी स्वतः सेट केले टॅपेट, आज पहाटे डिझेल भरून लांब चक्करही मारून आणली."

"कोणी शिकवलं?"

"व्हिडिओ बघून. एवढं काही नसतं गं. आजोबांच्या पेटीतलं ते गेज घेतलं, तू दळणाला गेलीस तेव्हा. मग पुसून ठेवलं परत."

"कुठलं पातं वापरलंस?"

तिने बोटांनी दाखवलं, पातळातलं एक. मी विचारलं, "सगळ्यांना तेच?"

"हो. का?"

मी बॉनेटला हात टेकून उभी राहिले. तुम्ही मला हेच तर सगळ्यात आधी शिकवलं होतंत, गाळ्यात स्टुलावर बसवून. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह थंड राहतो, धूर बाहेर टाकणारा तापतो. तापलेलं लोखंड वाढतं. म्हणून धुराच्या व्हॉल्व्हला फट जास्त ठेवायची, त्याला वाढायला जागा द्यायची. नाही दिली, तर तो तापला की पुरता बंदच होत नाही. थोडा उघडा राहतो, त्या फटीतून आग निघत राहते आणि त्याची कड जळते. गल्लीत फिरवाल तर काही कळणार नाही, गाडी गोडच चालेल. घाट चढायला लागलात की इंजिनाचा जोर जाईल आणि गाडी एखाद्या वळणावर बसेल. "वाजणाऱ्या टॅपेटला भिऊ नकोस," तुम्ही सांगायचात, "तो बोंबलून सांगतो मी ढिला आहे म्हणून. गप्प असतो त्याला भी." माझ्या पोरीने सगळे गप्प करून ठेवले होते. तिचाही काय दोष? टकटक ऐकून गल्लीतले हसायचे, गाडी आहे की शिलाई मशीन, म्हणायचे. आणि तिच्या घरात जिला हे काम येत होतं, ती रुसून भाजी चिरत बसली होती.

मी सांगितलं तशी तिचा चेहराच उतरला. तिने लगेच फोन फिरवायला सुरुवात केली. लालबागचा एक, परळचा एक, प्रभादेवीचा तो गाड्या धुणारा मोठा गॅरेजवालासुद्धा. सगळीकडे एकच उत्तर. "मॅडम, आज हत्यार बंद. खंडेनवमी आहे ना. उद्या दुपारनंतर बघू." शेवटी माहीमच्या एकाला फोन लावला तर तो गावाला गेलेला. तिने फोन खिशात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू करशील?"

किती महिन्यांनी तिने मला काही मागितलं होतं. मी म्हटलं, "इंजिन आधी थंड होऊ दे. बॉनेट उघडं ठेव." आणि वर गेले, पाटाकडे.

आई माझ्या मागोमाग लिफ्टने वर आली होती. पाटाच्या आड येऊन उभी राहिली. एवढीशी झालीय ती आता, पण काठी अशी आडवी धरली की मला तुमच्या आईची आठवण झाली.

"काय गो? खय हात घालतंस?"

"आई, नातीची गाडी नीट नाही. टॅपेट बघायला हवेत."

"आज खंडेनवमी आसा मा? पुजलेल्या हत्याराक हात लावतत? तुझो बापूस काय म्हणालो असतो?"

"बापूस असता तर मला कशाला करावं लागलं असतं!" मी ओरडलेच. "ती घाटात जातेय, आई. एकटी. गाडी अशीच गेली तर चढावर बसेल. मग काय, हत्यारांना विचारायचं का कोण वाचवणार ते?"

डोळ्यांत पाणी आलं तिच्या, माझ्याही आलं. मग तिने काठी भिंतीला टेकवली, डोक्यावर पदर घेतला, नातीला हाक मारून वर बोलावलं आणि पाटासमोर उभी राहून चक्क गाऱ्हाणं घातलं. गावच्या देवळात घालतात तसं, खणखणीत आवाजात, शेजारच्या फ्लॅटची दारं उघडतील असं.

"बा देवा म्हाराजा! आज ही लेक पुजलेल्या हत्याराक हात लावता, ता काय हौशीन लावणा नाय!"

तिने मागे वळून डोळे वटारले, तेव्हा आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

"नात घाटात जाता हा! तिका सुखरूप वर चडव, सुखरूप खाली उतरव, नि घराक परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हिच्या बापाशीन घालून दिलेलो नेम आज मोडता हा. काय चुकलामाकला तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरीचा आवाज फुटला होता. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

"घे आता," आई मला म्हणाली. मी गेज उचललं आणि सवयीने फडक्याकडे हात गेला, तर तिने मनगट धरलं. "पुसू नको. कुंकू पुसतत?" आत्ताच एवढी मोठी परवानगी मिळाली होती. मी फडकं ठेवून दिलं आणि तशीच खाली गेले.

इंजिन थंड होईपर्यंत आम्ही दोघी फुटपाथवर बसलो. दर थोड्या वेळाने ती उठून इंजिनाच्या हेडला हात लावून बघायची, मी म्हणायचे, "अजून नाही." ऊन सरकत होतं. मळ्यावरचा माणूस दोनदा फोन करून गेला, ताई निघालात का, तोडणी सुरू केली. तिने दोन्ही वेळा "निघतेय" म्हटलं आणि नखं खाल्ली. शेवटी हेड गार लागलं. टॅपेटचं कव्हर उघडलं आणि तो वास आला, जळक्या तेलाचा, तुमच्या शर्टाचा. शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिण्यात हे हात गेले, अप्पा, इतकी वर्षं. पण पाना धरला आणि हातांना सगळं आठवत होतं. ती खाली वाकून पुलीवरचा नट पान्याने फिरवत होती, मी वरून सांगत होते. "हळू. अजून. थांब!" पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटले. हवेच्या व्हॉल्व्हला पातळ पातं घट्ट गेलं, तो जरासा सैल केला. धुराच्या व्हॉल्व्हला जाड पातं लावलं, शिरेचना. लॉकनट सैल केला, स्क्रू केसभर फिरवला, परत पातं घातलं. आता ते गेलं, आणि ओढताना हाताला कळलं की धरलंय पण अडवलेलं नाही. तुमचेच शब्द. मी तिलाही तिचा हात त्या पात्यावर ठेवायला लावला. "कळलं?" "हो," ती म्हणाली, श्वास रोखून.

दुसऱ्या सिलिंडरला आम्ही आलो तेव्हा तिने खालूनच विचारलं, "आई, खरं सांग. जाऊ शकते ना मी? तू नाही म्हणालीस तर नाही जात."

आणि अप्पा, त्या क्षणी मला तुम्ही दिसलात.

माझगावचे ते बेकरीवाले अंकल आठवतात तुम्हाला? त्यांची पाव पोचवायची व्हॅन आपल्या गाळ्यात यायची. मी तिचं अर्धं काम शिकत शिकत केलं होतं. माझ्याकडे लायसन्स होतं. एक दिवस ते तुमच्यासमोर मला म्हणाले, "तू चलाएगी क्या? सुबह का राउंड. मेरेको तेरे हाथ पे भरोसा है." मी तीन रात्री झोपले नाही आनंदाने. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. ज्या सकाळी मी जायचं होतं, त्या सकाळी मी गाळ्यात आले तर व्हॅनच्या इंजिनाचं हेड उतरवून बाकावर ठेवलेलं. "गॅस्केट गेलंय. आठवडा लागेल." आठवड्याने अंकलनी दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. मग शाळेतली जागा निघाली, मग लग्न. मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही. पण आदल्या संध्याकाळी मीच त्या इंजिनावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून ऐकलं होतं, तुम्ही शिकवलंत तसं. ते इंजिन ठणठणीत होतं. पाण्यात तेल नव्हतं, तेलात पाणी नव्हतं. त्या गॅस्केटला काही झालं नव्हतं. तुम्ही एक चांगलं इंजिन उघडून ठेवलंत, कारण मला "जाऊ नकोस" म्हणायची तुमची हिंमत झाली नाही.

मला तुमचा इतका राग आला, भर रस्त्यात, पाना हातात असताना, की स्क्रू ड्रायव्हर फेकून द्यावासा वाटला. आणि त्याच वेळी माझ्या तोंडात शब्द तयार होते. "व्हॉल्व्ह जळलेत." एवढंच. ती मानणार होती. आजच्या दिवशी खात्री करून घ्यायला दुसरा माणूस मिळणार नव्हता. ती रडली असती, फोन करून सगळ्यांना नाही कळवलं असतं, आणि रात्री माझ्या बाजूच्या खोलीत झोपली असती, जिवंत, सुखरूप, दार आतून लावून. किती सोपं होतं, अप्पा. तुम्हालाही इतकंच सोपं गेलं असणार. खालून ती वाट बघत होती, पाना तसाच धरून.

"व्हॉल्व्ह..." मी म्हटलं आणि थांबले.

"काय?"

"व्हॉल्व्ह चांगले आहेत. फिरव पुढे."

उरलेले सगळे केले. कव्हर लावलं. तिने देवाचं नाव घेऊन चावी फिरवली, आणि गाडी टकटकायला लागली. पूर्वीइतकी नाही, पण व्हायला हवी त्याहून जास्त. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. वरून आईचा आवाज आला, "वाजता कित्याक गो?" क्षणभर मलाही वाटलं, भोवलं. मग माझं लक्ष बोटांकडे गेलं. लाल. मी गेज उघडलं, पात्यावर नख ओढलं, तर वाळलेल्या कुंकवाची पापडी निघाली. पातं होतं त्याहून जाड झालं होतं, आणि मी प्रत्येक फट तेवढी जास्त ठेवली होती. सगळ्या मुंबईत त्या दिवशी अशी चूक फक्त आपल्याच घरात होऊ शकत होती. मी मटकन फुटपाथवर बसले आणि हसायलाच लागले. पोरीला वाटलं आईला वेड लागलं.

इंजिन परत गार करायला वेळ नव्हता. मी उठून डोळे पुसले. "ऐक. थोडे ढिले राहिलेत. वाजेल. वाजू दे. वाजणारा जळत नाही. चढावर जोर थोडा कमी लागेल, घाई करू नकोस. उतरताना गिअरमध्ये उतर, ब्रेकवर बसून राहू नकोस. आणि आवाज बंद झाला, तर, नीट ऐक, बंद झाला तर गाडी कडेला घे आणि मला फोन कर."

"आई," ती म्हणाली, "तू येतेस का बरोबर?"

मला जायचं होतं, अप्पा, खोटं कशाला बोलू? पण मी गेले असते तर स्टिअरिंगवर तिच्या हातावर माझा हात राहिला असता. "आजीला कोण बघणार?" म्हटलं. तिने मला मिठी मारली, माझ्या तेलकट हातांनी तिचा कुडता खराब झाला, आणि ती गेली. टकटक टकटक पुलाच्या दिशेने गेली. मी तिथेच उभी राहिले, ऐकू येईनासं झाल्यावरही.

पुढचे तास कसे गेले ते विचारू नका. आई जप करत बसली, मी ओटा तीनदा धुतला. घाटमाथ्यावरून तिचा फोन आला तेव्हा आधी तिचा आवाज नाही, इंजिनाचा आला. तिने फोन मुद्दाम बॉनेटजवळ धरला होता. "ऐक. वाजतेय. जिवंत आहे." मी आईच्या कानाला फोन लावला, तर तिने त्या आवाजाला नमस्कार केला. दसऱ्याला सकाळी मी दादरला गेले. फुलबाजारात माणसांच्या गुडघ्यापर्यंत झेंडू, आणि त्यात ती, केस विस्कटलेले, आवाज बसलेला, एका सोसायटीच्या माणसाशी भांडत. "काका, शिळा माल नाही हा, काल संध्याकाळी तोडलाय, हात लावून बघा!" मला बघून भांडण अर्धं सोडलं आणि माझ्या ओंजळीत फुलं ओतली. तिची जागा पक्की झाली होती. संध्याकाळी तिने आजीच्या पाया पडून सोनं दिलं, मग माझ्या, मग जाऊन गाडीच्या बॉनेटवरही आपट्याचं पान ठेवून आली.

दिवाळीचा झेंडू तिनेच आणला. आता मार्गशीर्षाच्या गुरुवारांची तयारी चाललीय. हे मी तिला दाखवणार नाही, आईला वाचता येत नाही, आणि तुमच्यापर्यंत पोचवायची सोय नाही, म्हणून एक गोष्ट बिनधास्त लिहिते. गाडी अजून तशीच वाजते. ती दर दोन दिवसांनी म्हणते, "आई, आता सेट करूया ना गं. बाजारात मला टकटकवाली म्हणतात." काम अर्ध्या सकाळचं आहे. इंजिन थंड मिळतं, पाती मी केव्हाच पुसून ठेवलीत. पण ती परत येते तेव्हा पूल उतरून गल्लीत वळायच्या आधीच मला चौथ्या मजल्यावर कळतं. आई पलंगावरून म्हणते, "इली." मग मी गॅस पेटवते. म्हणून मी तिला सांगितलंय, नवीन सेटिंग आहे, थोडे दिवस चालू दे, चालून चालून आपोआप बसेल. टॅपेट आपोआप बसत नसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिला ते खरं वाटलं की नाही, मला सांगता येत नाही. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मान हलवली आणि काही विचारलं नाही.